खुर्चीवरचा रुमाल

सोमवार, संध्याकाळ. क्योतो.

प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट सगळं पाहून झालं, आज लॅबही सुरू झाली, पण डोक्यात अजून तो रुमालच.

प्रागच्या पहिल्याच कॅफेत माझी लॅबमधली मैत्रीण युकी जागा धरायला टेबलावर फोन ठेवून कॉफी आणायला निघाली. इकडे जपानात सगळे ठेवतात, मान्य. पण हे प्राग! मी फोन तिच्या हातात कोंबला आणि खुर्चीवर माझा रुमाल टाकला, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा. युकी हसून हसून बेजार. पण जागा राहिली! व्हिएन्नातही राहिली. बुडापेस्टला एक धिप्पाड माणूस रुमाल बाजूला सारून खुशाल बसला, तर मी सरळ मराठीत भांडले. उठला बिचारा. जरा जास्तच मिरवतेय का मी? असू दे.

काल आईने फोनवर विचारलं, "एवढं फिरलीस, मग पीएचडी झाल्यावर कुठे राहायचं ते ठरलं का?" मी "बघू" म्हणाले. का म्हणाले? मी कधी "बघू" म्हणत नाही.

आज कँटीनला पोचायला मला उशीर झाला. तुडुंब गर्दी, आणि युकीच्या शेजारच्या खुर्चीवर तिचा छोटासा निळा रुमाल.

"तुझी जागा," ती म्हणाली.

लॅपटॉप, फोन, पर्स, सगळं तिथेच टाकून आम्ही दोघी जेवण घ्यायला गेलो. रांगेत लक्षात आलं, मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

आईला आत्ताच फोन करते. ठरलंय, इथेच.