आईच्या नावाचं पाकीट

कोरेगाव,
१४ मार्च २०२४

प्रिय जोतीराम,

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. चालत असतील तर ठेवून घे. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पोस्टमनला त्रास. इकडे सगळे ठीक. मिरची आली आहे, कांडप सुरू आहे, आख्खी गल्ली शिंकते आहे.

कामाचं लिहितो. वाटणीत कोण काय बोललं ते काढत नाही, कागद लहान आहे. तू सांगलीचा बाजार घेतलास, मी साताऱ्याचा. 'भामाबाई मसाले' हे आईचं नाव आणि तू कॉम्प्युटरवर घडवलेली त्याची अक्षरं, एवढंच सामाईक राहिलं. आता माझ्याकडची अक्षरं गेली. छापखान्यानं नवं सॉफ्टवेअर घेतलं. तुझ्या फॉन्टचा फॉरमॅट म्हणे जुना, नव्यात उघडतच नाही. तेवढं सांगून ते गप्प बसलं असतं तर ठीक. त्या सॉफ्टवेअरनं परस्पर दुसराच फॉन्ट बसवला. नमुना मोबाइलवर आला, मी मिरचीच्या धुरळ्यात डोळे चोळत पाहिला आणि 'ओके' पाठवलं. पाकिटं छापून आली. अक्षरं इतकी गुळगुळीत की आत मसाला आहे का टूथपेस्ट, कळू नये.

वडूजच्या दुकानदार हरिबानं सगळा माल परत धाडला.

"आवं नानासो, बाया हात लावंनात. डुप्लिकेट हाय म्हणत्यात."

"अरं, मीच बनवलाय की!"

"तुमी बनवलाय व्हय. पर पाकिटावर तसं दिसंना झालंय."

छापखान्याचा मालक यशराज म्हणतो, "नवा लोगोच करूया, लय भारी करतो." तुझी वहिनी म्हणते, त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला. दोघंही शहाणी आहेत. उद्या तुझा जुना कॉम्प्युटरही बसेल आणि तूही तिकडे काहीतरी नवं करून घेशील. मग सांगलीची भामाबाई वेगळी, साताऱ्याची वेगळी. यशराजला मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. जुनी पाकिटं संपत आली आहेत आणि मी कारखान्यात नुसत्या येरझारा घालतो आहे. कामगारांना वाटतं, देखरेख वाढली.

आईला पाकीट दाखवायचं नव्हतं, तिनं पाहिलंच. वाचता येत नाही, तरी उलटसुलट करून म्हणाली, "ह्ये जोत्यानं काढल्यालं न्हाई." मग विचारलं, "परत भांडलासा व्हय रं?"

मी म्हटलं, "न्हाई, कॉम्प्युटर बिघडलाय." तिनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मूळ फाईल तुझ्याकडे आहे. ती नव्या फॉरमॅटमध्ये करणं फार अवघड नाही, असं यशराज सांगतो. मेल केलीस तर चहा निवायच्या आत पोचेल, हेही सांगतो.

मेल करू नकोस. घेऊन ये.

अजून तरी एकाच भामाबाईचा,
नानासो