तुपाशी घ्यायची गोळी

मलकापूर, ४ डिसेंबर १९६३

दादाच्या घरी येऊन महिना होत आला. माझं ताट, तांब्या, टॉवेल सगळं वेगळं. अंथरूण मागच्या खोलीत, सरकीच्या पोत्याशेजारी. गजकर्ण मानेवर, दोन्ही हातांवर. उजव्या हाताची तीन नखं पिवळी, जाड.

देऊळगावराजाहून निघताना सासूबाई म्हणाल्या, "बरी हो, मग ये. पोरीला लागंल तुझं." शकू चार वर्षांची. तिला ठेवून घेतली. हे काही बोलले नाहीत. यांचं बोलणं म्हणजे एस.टी.च्या वेळा सांगणं.

९ डिसेंबर

दादा स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मलमं सगळी लावून झालीत म्हटल्यावर त्यांनी नवी गोळी दिली. ग्रिसोफुल्विन. दोनदा वाचलं तेव्हा जमलं. म्हणाले, ही बुरशी आहे, आणि ही गोळी बुरशीला मारत नाही, नुसती वाढू देत नाही. नव्या कातडीत, नव्या नखात जाऊन बसते. जुनं झडून जाईपर्यंत घेत राहायचं.

म्हणजे किती दिवस?

"नखांना घाई नसते, बाई."

बुरशी! शिळ्या भाकरीवर येते ती. ऐकूनच शिसारी आली.

पथ्य विचारलं. काही नाही म्हणाले. वहिनीला पटलं नाही. मलाही नाही. पथ्य नसलेलं औषध असतं का कुठे?

१५ डिसेंबर

वहिनीनं पथ्य लावून दिलं. तेल बंद, तूप बंद, वांगं, शेंगदाणे, आंबट बंद. कोरडी भाकरी आणि वरणाचं वरचं पाणी. "तेलातुपानं गजकर्ण फुलते बाई. माह्या मावशीचं पाह्यलं मी."

मला वास येऊन खावंसं वाटू नये म्हणून तिनं घरात तळणंही थांबवलं. दादा कुरकुरतो. ती ऐकत नाही. इतकं माझ्यासाठी सासरी कोणी केलं नसतं.

१४ जानेवारी १९६४

संक्रांत. वहिनीचं हळदीकुंकू. बायका यायच्या आधी मी आपणहून मागे जाऊन बसले. वहिनी "बस ना समोर" म्हणाली नाही. म्हणेल असं वाटलं होतं.

बांगड्या, हसणं, सगळं ऐकू येत होतं. कोणीतरी विचारलं, "ननद आली म्हणे तुही?"

"हाव. तब्येत बरी नाही तिची."

शकूच्या हातावर आज तिळगूळ कोणी ठेवला असेल. खूप रडले. तोंडावर टॉवेल धरून, तोही वेगळा.

२० फेब्रुवारी

गोळी एकही चुकवली नाही. नखं तशीच. मानेवर आणखी एक चट्टा. चोळी ढगळ झाली, हाडं दिसायला लागलीत. हे एकदाही आले नाहीत. मलकापूरला काय विलायतेची बोट लागते?

शकूचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. लगेच आठवला नाही. भीती वाटली.

३ मार्च

डॉक्टरांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. म्हणाले, इतक्यात फरक पडायलाच हवा होता. गोळी घेता ना? घेते. रोज? रोज. मग विचारलं, "जेवता काय?"

सांगितलं. कोरडी भाकरी, वरणाचं पाणी.

"आणि तेलतूप?"

मी अगदी अभिमानानं म्हटलं, बोटाला लागू देत नाही.

त्यांनी कपाळाला हात लावला. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, काही स्निग्ध पोटात असेल तरच अंगात मुरते. नाहीतर आली तशी जाते. "पथ्य नाही म्हटलं होतं हो मी. पण तूप खा, हे सांगायला पाहिजे होतं."

इतके दिवस गेले. कोणावर रागवावं तेही कळेना.

४ मार्च

वहिनीला सांगितलं. आधी म्हणाली, डॉक्टरले काय समजते. मग पोळपाटावर हात तसाच ठेवून बसली.

"म्हंजे मीच तुले बिमार ठेवलं काय?"

नाही गं, म्हटलं. तिनं ऐकलं नाही. तुपाची बरणी माझ्यापुढे ठेवून बाहेर गेली. दिवसभर बोलली नाही. माझ्याशी ती एकच बोलायची, आता तीही नाही.

११ मार्च

आज ताटात भाकरी आधीच तुपानं भिजवलेली. वर वांग्याचं भरीत, तेलाची धार सोडून. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "खाय. गरम हाये तवर."

खाल्लं. दोघींचे डोळे भरून आले. मी मिरचीचं नाव घेतलं.

१८ एप्रिल

मान साफ! हातांवर नुसते डाग राहिलेत. आणि नखांच्या मुळाशी गुलाबी पट्टी आली आहे, तांदळाएवढी. उजेडात नेऊन कितीदा पाहिली. दाखवायला घरात कोणी नव्हतं. दादा कापसाच्या जिनावर कामाला, वहिनी दळणाला. शेवटी दारातल्या गाईला दाखवली. वेडी झालेय.

६ मे

हे आले. न कळवता. सोबत शकू.

उंबऱ्यात उभी राहिली, हात पाठीमागे धरून. ये म्हटलं तर बापाकडे बघते. "आजी म्हणती आईला हात नाही लावायचा."

"लाव आता," हे म्हणाले. "तुला बी झालंय."

तिचे केस बाजूला केले. मानेवर दोन गोल चट्टे. सहा महिने माझं नखही तिला लागलेलं नाही. विचारलं, कसं झालं? हे एस.टी.च्या वेळा सांगतात तसंच म्हणाले, "आईच्या बोटांना हाय ना. पण ते जुनं हाय."

जुनं! सासूबाईंचं, मी त्या घरात जायच्याही आधीचं. अंगाची लाही लाही झाली. आणि आता शकूलाही घराबाहेर काढलं, माझ्यासारखंच.

तिला कवेत घेतलं. आधी अंग ताठ होतं, मग सैल पडलं. केसांना दुसऱ्याच तेलाचा वास. माझ्या पोरीला रोग झाला आणि मला आनंद झाला. आई अशी असते का? असेल. उद्या तिला डॉक्टरांकडे न्यायची.

७ मे

हे सकाळच्या गाडीनं गेले. निघताना म्हणाले, "बऱ्या झाल्या की दोघींला न्यायला येतो. तुझी नखं पुरी यायला अजून किती लागंल?"

डॉक्टरांनी मला जूनअखेर सांगितलं आहे.

मी म्हटलं, माहीत नाही.