शेकावरची डोकेदुखी

बान हुआयखाम, ७ जानेवारी २००९

चि. मनिवोन हिस,
आजी बुआवानचे अनेक आशीर्वाद. लिहिणारे विहारातले म्हातारे भंते आहेत. बायकांचा विषय आला की त्यांची लेखणी अडखळते. शाईच्या डागांना हसू नकोस.

तुझ्या वहिनीला, चानसामोनला, परवा मुलगी झाली. बांबूच्या खाटेवर पडली आहे, खाली निखारे. चिकट भात आणि भाजलेलं आलं खाते. डोकं ठणकतं म्हणते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. मी म्हटलं, शेक लागतोय, सोस.

बाळ होऊन महिना झाला तरी तुला तिकडे राजधानीत, वियन्त्यानच्या दवाखान्यात परत बोलावतात म्हणे. कशाला गं? बाळ तर घेऊन आलीस, मग तिथे काय विसरलीस?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बुआवान (अंगठा)


वियन्त्यान, ९ जानेवारी

ती. आजीस,
मनिवोनचा सा. न. वि. वि.
थट्टा नंतर. मला बोलावतात ते दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायला. नर्सबाईंनी बजावलंय, बाळंतपणानंतर डोकं ठणकलं, काजवे दिसले, तर घरी थांबायचं नाही. झटके येतात, बाई हातची जाते. हा शेक नव्हे, आजी! भंते, वाचून होताच होडी काढायला सांगा. आजी रागावली तरी.

तुझीच,
मनिवोन


बान हुआयखाम, २१ जानेवारी

चि. मनिवोन हिस, आशीर्वाद.
रागावले. मग होडी काढली. चानसामोन खाटेवरून उतरेना. शेक सोडला तर वारं बाधेल, हे मीच तिच्या डोक्यात भरवलेलं. शेवटी निखाऱ्यांची शेगडीच होडीत ठेवली. आमच्या आरोग्य केंद्रातला पट्टा फाटका, म्हणून पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. तिथली नर्स म्हणाली, उद्या आणली असती तर हात टेकले असते. आता बरी आहे. माझ्यावर चिडते, म्हणजे नक्कीच बरी.

मी नर्सला विचारलं, आमच्याकडे दर महिन्याला माणूस येतो, बाळाला तराजूला टांगतो, वजन लिहितो, जातो. आईचा दंड कुणी का धरत नाही? ती पुढच्या बाईकडे वळली. तूच सांग, तुमच्याकडे एवढे पट्टे कसे? तिथल्या बायकांना दंड जास्त असतात का?

एखादा जुना पट्टा मिळतो का बघ. दवाखान्यातला मदतनीस वापरायला शिकवतो म्हणालाय. अक्षरं मला या जन्मी येणार नाहीत. पण कितीच्या वर गेलं की होडी काढायची, तो आकडा कागदावर मोठ्ठा काढून पाठव. पुढच्या महिन्यात गावात तिघी मोकळ्या व्हायच्या आहेत.

माया आहेच, आकडा तेवढा लवकर.
बुआवान (अंगठा)