अब्बांच्या मशीनला सुट्टी

भिवंडी,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय साद,

सलाम. तुझा दोस्त तौहीद उद्या दोह्याला परत निघतोय. त्याच्या बॅगेत सुक्या जवळ्याची चटणी आणि हे पत्र कोंबलंय. पत्रात काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. फोनवर बोलले असते, पण अब्बा कान टवकारून बसतात आणि तू "शिफ्ट आहे आपा" म्हणून मोकळा होतोस. म्हणून आधी पत्र वाच, चटणी पळून जात नाही.

घरी ठीक. कंपवातासाठी मेंदूत तारा घालायचं ऑपरेशन झाल्यापासून अब्बा स्वतः कारखान्यात चालत जातात, लूमवर तुटलेला धागा स्वतः जोडतात. ज्या हातात चहाचा कप ठरत नव्हता तो हात! बोलणं तेवढं जड झालंय, तोंडात घास असल्यासारखं.

ठीक लिहिलं खरं, पण ठीक नाही.

त्या तारांना करंट देणारं मशीन त्यांच्या छातीत बसवलंय, त्याचा रिमोट मी सांभाळते. पंधरवड्यापूर्वी शुक्रवारी सकाळी अब्बा म्हणाले, "लूमला जुम्म्याची सुट्टी असते ना? मग हिलापण दे. दमली असेल बिचारी." आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो, शुक्रवारी लूम बंद, मोटर थंड होते. मला पटलं रे. मी बंद केलं. हात कापू लागला, अंग आखडलं, चालू केल्यावर सावरले. मला वाटलं, सुट्टी मानवली.

गेल्या शुक्रवारी पुन्हा बंद केलं. या वेळी पाणी पाजताना घोट घशात अडकला. चेहरा काळानिळा पडला, माझ्या हाताला रिमोटचं बटण सापडेना. साद, अब्बा माझ्या डोळ्यांदेखत जात होते; शेवटी बटण सापडलं म्हणून वाचले.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या. म्हणाल्या, "मेंदूतल्या काही पेशी मेल्यात, त्या परत येणार नाहीत. उरलेल्या चुकीच्या ठेक्यात अडकतात, सगळ्या एकदम. करंट तो ठेका मोडतो, बस. बंद केला की पेशींना आराम मिळत नाही, त्या पुन्हा त्याच ठेक्यात जातात. पुन्हा असं केलंत तर माणूस गमवाल." जीभ जड होते तीही करंटनेच, शेजारच्या नसांना तो लागतो. सेटिंग बदलून बघतील, पण तारीख मार्चमधली मिळाली.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

गेल्या शुक्रवारीच, घोट अडकण्याआधी, मशीन बंद केल्या केल्या अब्बांनी मला मटण आणायला पिटाळलं. मी पिशवी विसरले म्हणून जिन्यातून परतले, तर आतून आवाज आला, "साद, मी अब्बा बोलतोय. कसा आहेस बेटा?" स्वच्छ, खणखणीत, पूर्वीचा आवाज. मला वाटलं तुझा फोन आलाय. दारातून पाहिलं तर फोन मांडीवर पडलेला. ते नुसते घोकत होते. मग त्यांनी तुला लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. तोवर हात इतका कापायला लागला की फोन खाली पडला.

आठवतं, ईदला तू त्यांना काय म्हणालास? "अब्बा, काही समजत नाही, आपाकडे द्या." ते हसले आणि फोन माझ्याकडे दिला. मशीनला सुट्टी कसली? तुझ्याशी नीट बोलता यावं म्हणून माणूस जीव पणाला लावत होता, आणि मी मूर्ख बटण दाबत होते.

सकाळपासून रिमोट मागतायत. मी लपवलाय. डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं, तर म्हणतात, "थोडाच वेळ, रुकय्या. पाणी न्हाय पिणार." मी नाही म्हटलं तर जेवत नाहीत.

या शुक्रवारी मशीन चालूच राहील. तू फोन कर, मला नाही, त्यांना. ते अडखळतील, तुला निम्मं कळणार नाही. तरी ऐकत राहा, आपाकडे द्या म्हणू नकोस. तुझा फोन आला नाही तर ते पुन्हा हात पुढे करतील, आणि साद, मला दर वेळी नाही म्हणता येईल याची खात्री नाही.

शुक्रवारी फोनपासून दूर बसणार आहे,
तुझी आपा,
रुकय्या