वर पळालेले किडे

मुक्काम भुज
१२ नोव्हेंबर १९६८

प्रिय आई,

इतक्या लांबून तुझा बेसिल आधी तुझा आशीर्वाद मागतो. मी मजेत आहे. भाकरी पोटभर मिळते, मासळी तेवढी नाही.

दगड तपासणाऱ्या साहेबांसाठी आम्ही खोल खड्डे खणतो. काल तळातून वर काढलेल्या दगडात बोटाएवढ्या नळ्या दिसल्या. मी म्हटलं, साहेब, ही तर किड्यांची बिळं. आमच्या गोराईला माझी आई गळाला लावायला ओहोटीच्या चिखलातून असेच किडे काढते. साहेब म्हणाले, बरोबर ओळखलंस, कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता.

एका दगडात बिळं सरळ वर गेली होती. अंगावर एकदम वाळू पडली की किडा असा वर पळतो म्हणे. एक बीळ मात्र अर्ध्यातच थांबलं होतं. त्याचं विचारलं, तर साहेबांनी दगड पिशवीत टाकला.

परवा खाली उतरून खणणाऱ्या आमच्या जिवाभाईवर खड्ड्याची कड ढासळली. त्याला काढला, बरा आहे. फक्त अजून बोलत नाही. उद्यापासून त्याच्या जागी मी उतरणार. काळजी करू नको, कमरेला दोर बांधतात. त्यालाही बांधला होता.

धाकट्या बर्थाचा खोकला कसा आहे? वेशीवरच्या क्रुसापाशी माझ्या नावाने मेणबत्ती लाव, कारण कुणाला सांगू नको.

आणि आई, किडे काढून झाले की तू पायाने चिखल परत खड्ड्यात लोटतेस ना, तो आता जरा हळू लोटत जा.

तुझाच,
बेसिल