जिचे केस शाबूत

३ जून, सोमवार
पहिल्या दिवसाच्या नोंदी.
१. हुआनकायो शहरातून पिकअपने साडेनऊला पोचले. वर आकाश निळंभोर, खाली गोठलेलं दहिवर. मजेत आहे.
२. शेडमध्ये बत्तीस खण, चारशे दहा कुई, म्हणजे गिनिपिग. अकरा खणांतल्या गिनिपिगांचे केस कुरतडलेले. ते थांबवायला संस्थेने मला, कृषी इंजिनिअरला, पाठवलं आहे.
३. मालकीण दोन्या (म्हणजे बाईसाहेब) एउदोसिया, वय अडुसष्ट. कामाला सेनाइदा आणि निल्दा. जेवायला बटाट्याचं सूप, भाजलेला मका.
४. माझं जावळ कधी काढलं नव्हतं हे ऐकून दोन्यांनी हसत माझी एक बट कापली आणि कुईच्या दोन माद्या भेट दिल्या. दोन्या आता माझ्या मादरीना, म्हणजे धर्ममाता. सेनाइदा-निल्दाचं जावळही त्यांनीच काढलेलं.
५. निल्दा म्हणाली, इंजिनिअरबाई, पंचविसाव्या वर्षी जावळ! आता दुधाचे दात कधी येणार?

५ जून, बुधवार
अकराही खण तपासले. खरूज नाही, बुरशी नाही. कातडी साफ, केस मात्र एका उंचीवर तुटलेले. मान आणि डोक्यावरही तुटलेत, आणि तिथे जनावराचं स्वतःचं तोंड पोचत नाही. म्हणजे हे सोबतिणीचं काम. प्रत्येक खणात एकच मादी अशी आहे, जिचे केस शाबूत. तीच कुरतडते. त्या अकराजणींना वेगळं केलं. बाकीच्यांना लसूणघासाबरोबर सातूचा पेंढा दिला, तोंडाला काम हवं म्हणून. एकोणिसाव्या खणात अंगावर केसच उरले नव्हते. तिथे कानांच्या कडा गेल्यात.

८ जून, शनिवार
इथे जेवणानंतर अंगणात उन्हात वेणीफणी चालते. दोन्या एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन विंचरतात, निल्दाचं टोपीखालूनच. त्यांची स्वतःची वेणी कमरेपर्यंत, काळीभोर. आज मीही बसले आणि तासभर झोपले. मी दुपारी कधी झोपत नाही.

९ जून, रविवार
दोन आरसे धरून पाहिलं. मानेच्या वर तीन सेंटिमीटरचा चट्टा. कातडी साफ. केस अर्ध्या सेंटिमीटरवर तुटलेले, सगळे एका उंचीवर.
नोंद केली. निष्कर्ष लिहीत नाही.

११ जून, मंगळवार
निल्दाला टोपी काढायला सांगितली. काढली. लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही डोक्यावर. मग निघून का जात नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, कुठे जाऊ? जावळ ज्यांनी काढलं, केस त्यांचे. आईचेही असेच गेले. सेनाइदाचा कान वरून अर्धा नाही. दहिवराच्या गारठ्याने गेला म्हणते. दहिवर दातांच्या खुणा ठेवत नाही.
रात्रीच्या जेवणाला दोन्यांना सगळ्यांसमोर सांगितलं की मी विंचरून घ्यायला येणार नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, अगं पोरी, पहिली बट मला दिलीस, मग बाकीचे कोणाचे?
माझे, म्हटलं.

१३ जून, गुरुवार
गाव पायी पाच तासांवर आहे. मी जाऊ शकते. जाणार नाही. या दोघींना इथे ठेवून अहवालात ‘समस्या सुटली’ असं लिहिणाऱ्यातली मी नाही.
पण आज दुपारी शेडमध्ये पेंढा टाकत होते, आणि जाग आली ती अंगणात. तिच्या मांडीवर. मधलं काही आठवत नाही. डाव्या बाजूचे केस गेले.
यापुढे तिला ‘त्या’ लिहिणार नाही.

१४ जून, शुक्रवार
वस्तरा घेतला. आधी माझं डोकं, मग सेनाइदाचं, मग निल्दाचं. निल्दा म्हणाली, आता टोपी घसरेल हो बाई. तिघी हसलो. केस चुलीत जाळले.
ती वास घेत दारात आली. तीन डोकी पाहिली.

१५ जून
ती अंगणात मांडी घालून बसली. कोणी गेलं नाही. आम्ही तिघी समोर भिंतीवर, झोप उडवणारी कोकाची पानं चघळत, जाग्या. तासभर तिने वाट पाहिली. मग स्वतःची वेणी पुढे घेतली. टोक तोंडात घातलं.

१६ जून
वेणी खांद्यापर्यंत. सूपला शिवत नाही. सेनाइदा तिला म्हणाली, मादरीना, पुरे करा. थांबली नाही.
अकरा खणांत नवीन लव दिसते आहे. मोजली. दोन मिलिमीटर.

१७ जून
वेणी संपली. मागचे केस तोंडात येत नाहीत तर उपटून —
आता आमच्याकडे बघते. डोक्याकडे नाही. कडेला.
निल्दाने कान झाकले. मी झाकणार नाही.

१८ जून, दुपार
संस्थेला चिठ्ठी. सेनाइदा घेऊन उतरली. नक्कल इथे —
कुईंची समस्या आटोक्यात आहे. घरातली नाही. शेड आम्ही तिघी चालवू. एउदोसियाला इथून न्या. आम्ही जाणार नाही. शुक्रवार, २१ जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावे.

ऊन छान आहे. निल्दा भिंतीला टेकून — हलवलं. उठत नाही.
पानं संपली. मी जागी आहे. हे लिहिते आहे म्हणजे जागी —
डोक्यावरून हात फिरतो आहे. मऊ. बोटं कानाशी थांबली.
विचारते आहे, देशील ना, पोरी?
मी नाही म्ह