पेडल कडक होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?

अहो,

आपल्या गाडीचा ब्रेक बूस्टर निकामी आहे. आजचा नाही, कित्येक वर्षांपासूनचा. काल दुपारी वारज्याच्या गॅरेजमध्ये प्रफुल्लनं हे सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, माझ्या पायाला दाखवून दिलं. म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. सांगण्यासारखं रोजच काहीतरी असतं, पण विचारण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

गाडीला पंधरा वर्षं झाली. पुन्हा नोंदणी करायची तर गुरुवारी ती तपासणीला न्यावी लागणार. मुक्ताचं म्हणणं, भंगारात देऊन टाक. "आई, सीरियसली, कोण चालवणारे ती? तू?" आपली लेक तुमच्यावरच गेली आहे. प्रश्न विचारते आणि उत्तरही त्यातच बसवून देते. मी दुसऱ्या दिवशी प्रफुल्लला फोन केला आणि तो येऊन गाडी घेऊन गेला.

काल त्यानं मला बोलावून सीटवर बसवलं. म्हणाला, "मॅडम, इंजिन बंदच ठेवा. ब्रेक चार-पाचदा दाबा. आता पाय दाबूनच ठेवा अन् चावी फिरवा."

फिरवली.

"पेडल खाली गेलं?"

"नाही."

"जायला पाहिजे होतं ना! इंजिन सुरू झालं की बूस्टर पायाला जोर देते. तुमचं काही देऊनच नाही राहिलं. सगळा जोर पायाचाच."

मग त्यानं शेजारच्या गाडीत बसवलं. तीही जुनीच, आपल्यापेक्षा जास्त पोचे आलेली. चावी फिरवली आणि पेडल पायाखाली अलगद बसलं. इतकं अलगद, की मी दचकून पाय उचलला. ब्रेक असा असतो? मी पुन्हा आपल्या गाडीत बसले. दगड. पुन्हा त्या गाडीत. प्रफुल्ल हसायला लागला, "मॅडम, ती गिऱ्हाइकाची आहे, विकायची नाही."

तुम्हाला आठवतंय ना, स्वारगेटचा तो सिग्नल? नऊ वर्षं झाली. मी गाडी चालवत होते, तुम्ही शेजारी. मी ब्रेक दाबला होता. अगदी दाबला होता! तरी गाडी सरकत गेली आणि पुढच्या रिक्षाच्या बंपरला टेकली. कुणाला काही लागलं नाही. रिक्षावाल्यानं मात्र खाली उतरून आधी आपला बंपर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "काकू, मधलं पेडल. शोभेसाठी दिलेलं नाही ते."

सगळा चौक ऐकत होता. तुम्ही त्याची समजूत काढलीत, मला बाजूला बसवलंत आणि गाडी घरी आणलीत. वाटेत एकच वाक्य बोललात, तेही न रागावता: "तुझ्या पायात तेवढा जोर नाही गं."

मी ते मान्य केलं. घरी येऊन चावी तुमच्या हातात दिली आणि म्हणाले, मला नको ही गाडी. तुम्ही घेतलीत. 'अगं, असं काय करतेस' एवढंसुद्धा म्हणाला नाहीत. म्हणायला हवं होतं का? की मीच तेव्हा विचारायला हवं होतं, की पहिली पाच-सहा वर्षं याच पायांनी हीच गाडी अधूनमधून धायरीहून पार कॅम्पापर्यंत नेत होते, तेव्हा जोर कुठून येत होता? एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. दुसऱ्यांच्या बातम्यांत चुका शोधल्या. स्वतःबद्दलचं हे वाक्य तेवढं न तपासता छापलं.

तर काल मी प्रफुल्लला विचारलं, हे इतकी वर्षं तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

तो गोंधळला. "आलं होतं ना मॅडम. मी सरांना दोन-तीनदा सांगितलं."

"काय म्हणाले ते?"

"चालतंय ना, राहू दे, म्हणाले. मला सवय आहे."

अहो, कारखान्यात तुम्ही क्वालिटीत होतात. आटे जरा ढिले लागले तर अख्खा लॉट परत पाठवायचात. घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा तुमच्या नजरेतून सुटली नाही. आणि ब्रेकला 'राहू दे'?

"कधी सांगितलंस?" मी विचारलं. "पहिल्यांदा कधी?"

"तारीख कशी सांगू? गॅरेज तिकडं स्वारगेटला होतं तेव्हा. लॉकडाऊनच्या आधी."

"ते सगळंच लॉकडाऊनच्या आधी. माझ्या हातून गाडी ठोकली त्याच्या आधी की नंतर?"

"तुमच्या हातून गाडी ठोकली होती?" प्रफुल्लनं मलाच विचारलं. म्हणजे तुम्ही त्याला तेही सांगितलं नव्हतं! मी आणखी खोदायला लागले तसा तो हातातलं फडकं झटकत म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर पोलिसासारखं विचारून राहिल्या." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. म्हणाला, रोज चालवणाऱ्याला कळत नाही, बूस्टर हळूहळू जातो आणि पाय शिकून घेतो. तुमचा शिकला असेल. मी कधीतरी चालवायची, माझा राहून गेला असेल.

एवढ्यावर मी निघाले असते. पण त्याला आणखी एक आठवलं. बूस्टर बदलायचा तर गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, असं त्यानं तुम्हाला एकदा सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "दोन दिवस नाही जमणार. मिसेसला ऑफिसातून आणायचं असतं."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. चावी दिल्यापासून मी निवृत्त होईपर्यंत तुम्ही मला न्यायला आलात. पावसात, तापात, मुक्ताच्या बारावीच्या परीक्षेतसुद्धा. मैत्रिणी म्हणायच्या, काय नवरा आहे! मलाही तसंच वाटायचं. आता गोंधळ असा, की मला आणायचं म्हणून तुम्ही ब्रेक दुरुस्त केला नाहीत, आणि ब्रेक दुरुस्त नव्हता म्हणून मला आणावं लागत होतं. यातलं प्रेम कुठलं, भरपाई कुठली, आणि निव्वळ आळस कुठला? निदान हे एक बोलणं माझ्या अपघातानंतरचं, एवढं नक्की. पण पहिलं? ते आधीचं असेल, तर माझ्या पायाबद्दलचं वाक्य बोलताना तुम्हाला खरं माहीत होतं. नंतरचं असेल, तर माहीत झाल्यावर तुम्ही गप्प राहिलात. दोन्हीत मला बरं वाटावं असं काही सापडत नाही.

आणि दर वेळी माझ्या लायसन्सचं नूतनीकरण मात्र तुम्हीच आठवणीनं करून आणलंत. "असू दे, कधी लागलं तर." ते कशासाठी?

रात्री जेवताना मुक्ताला सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. "बाबा असं करणारच नाहीत. त्या माणसाला काय आठवतंय! आई, लेट इट गो ना." मग उठताना ती म्हणाली, "तू चालवायचीस ते मला आवडायचं. तू गाणी लावायचीस. बाबा नाही लावायचे." हे तिनं मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

तुमच्यावर रागवावं की नाही, हे अजून ठरत नाही. तुमच्यासारखा माणूस मला न विचारता गेला, याचा राग करून झाला होता; हा नवा कुठं ठेवू? एवढं मात्र कबूल करते, की प्रफुल्लच्या साक्षीवर तुम्हाला दोषी धरणार नाही, आणि मुक्ताच्या साक्षीवर सोडूनही देणार नाही. रागवायचं ठरलंच तर आधी तुम्हाला कळवीन. आणि माझ्या पायाबद्दल पुढं कुणी काही म्हणालं, तर आधी गाडी तपासून घेईन.

नवा बूस्टर उद्या बसेल. ब्रेक ऑइलही बदलणार आहेत. पॅडही नवे घालणार, ते नीट बसेपर्यंत थोडे दिवस पेडल किंचित खोल जाईल, घाबरू नका, असं प्रफुल्लनं बजावलं आहे. बुधवारी सकाळी मी त्याच्यासोबत दोन फेऱ्या मारणार आहे. गुरुवारी तपासणी. मुक्तानं अर्धा दिवस रजा टाकली आहे, सोबत यायला. गाडी कोण नेणार, हे तिनं या वेळी विचारलं नाही.

सुनीती